बरं वाटतंय, मग गोळी कशाला?



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत आरोग्याचा विषय निघाला. एका ताईंनी विचारलं, "एचआयव्हीचं माणूस वर्षानुवर्षं खातंपितं, कामाला जातं. मग रोज गोळी कशाला?" प्रश्न रास्त आहे. ऊसतोडीला जायच्या दिवसांत तर जास्तच, कारण गोळ्या सुटतात त्या तेव्हाच. म्हणून या वेळी शरीराच्या आत काय चालतं ते बघू.

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत एक जात सीडी-४ नावाची. जंतू आला की बाकीच्या पेशींना हाक मारून कामाला लावायचं, हे यांचं मुख्य काम. गटात अध्यक्ष-सचिव असतात ना, तसं. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात, म्हणजे थेंबाच्याही लहान भागात, साधारण ५०० ते १५०० सीडी-४ असतात. एचआयव्ही नेमका यांनाच धरतो. उपचार नसले तर आकडा उतरत जातो. २०० च्या खाली गेला की एड्सची अवस्था म्हणतात. मग टीबी, तोंडातली बुरशी, न थांबणारे जुलाब असं एकेक मागे लागतं.

पण या पेशी मरतात कशा? आपल्याला वाटतं, विषाणू आत शिरतो, पेशीकडून स्वतःच्या ढीगभर प्रती काढून घेतो आणि पेशी मरते. तसं होतंच. कोडं वेगळंच होतं. मरणाऱ्या बहुतेक पेशींत विषाणू वाढलेलाच नसायचा! अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लॅडस्टोन संस्थेत वॉर्नर ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टॉन्सिल आणि प्लीहेतल्या पेशी घेऊन प्रयोग केले आणि २०१३ च्या अखेरीस उत्तर मांडलं. १०० पैकी जवळजवळ ९५ पेशी अशा मरतात, की ज्यांच्यात विषाणूला शिरता आलं पण वाढता आलं नाही. या पेशी आराम करत असतात, विषाणूला लागणारा माल त्यांच्याकडे पुरेसा नसतो. त्याचं काम अर्ध्यावर अडकतं आणि त्याचे तुकडे आत पडून राहतात. पेशीला ते परके तुकडे ओळखू येतात. ती धोक्याची घंटा वाजवते, फुगते आणि फुटते. म्हणजे घाव विषाणूचा नाही, पेशी स्वतःच स्वतःला संपवते.

याला पायरोप्टोसिस म्हणतात. नावातच आग आहे, आणि ती पसरते. फुटलेल्या पेशीतून जे बाहेर सांडतं त्याने सूज येते, आणि सुजेकडे नव्या सीडी-४ पेशी धावतात. कडब्याची गंजी पेटली की सगळी आळी धावते, तसं. फरक एवढाच, की इथे विझवायला आलेल्याही त्याच आगीत सापडतात.

हे बाहेरून दिसत नाही. रक्तात या पेशी थोड्याच असतात. जास्त असतात त्या गाठींत, टॉन्सिलमध्ये, आतड्याच्या अस्तरात. शिवाय शरीर रोज नव्या पेशी बनवून भर घालत राहतं. म्हणून "बरं वाटतंय" हे खरंही असतं आणि आत धुमसतही असतं.

एआरटीची गोळी विषाणूची वाढ रोखते. आग थांबते, सीडी-४ पुन्हा वाढू लागतात. पण काही पेशींत विषाणू लपून बसतो, त्याला गोळी काढू शकत नाही. गोळी बंद केली की बहुधा काही आठवड्यांतच तो पुन्हा डोकं वर काढतो. अधूनमधून घेतली तर तो औषधाला दादही देईनासा होतो. नियमित गोळीने रक्तात विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे मात्र फार कमी घरांत माहीत आहे.

सरकारी एआरटी केंद्रात गोळ्या २००४ पासून मोफत आहेत. २०१७ पासून तर सीडी-४ कितीही असो, उपचार लगेच सुरू करतात. २०१७ च्या कायद्याने कुणाचा आजार तिच्या संमतीशिवाय चारचौघांत सांगायला बंदी आहे, आणि चारचौघांत आपला गटही आला. नवरा गेला की सुनेला पांढऱ्या पायाची म्हणायची घाई सगळ्यांना. तिची तपासणी झाली का, हे विचारायला मात्र कुणी नसतं.

ऊसतोडीला निघण्याआधी केंद्रातल्या समुपदेशक ताईंना भेटा. किती महिने जाणार, कोणत्या जिल्ह्यात, हे सांगा. जास्त दिवसांच्या गोळ्या मिळतील का, तिथल्या केंद्रातून घेता येतील का, ते विचारून घ्या. जाताना आपलं एआरटीचं कार्ड सोबत ठेवा. काही अडलं तर १०९७ वर फोन करा, तो मोफत आहे.