आधी सोड, मग घे

पोरी, दम लागला की माणूस तोंड उघडून हवा आत ओढायला लागतो. खांदे कानाला भिडतात, मानेच्या शिरा ताठ होतात आणि जितकं ओढावं तितकं अपुरंच वाटतं. छातीच्या वॉर्डात परिचारिका म्हणून माझी हयात गेली. निवृत्तीनंतर ही धाप माझ्याही वाट्याला आली. खाटेच्या दोन्ही बाजूंनी ती पाहिली, म्हणून हे तुझ्या कानात घालते. हवा पुरत नाही असं वाटेल तेव्हा आधी सोडायची. आत घ्यायचं शरीराला शिकवावं लागत नाही.

सोडायची कशी, तर ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालतो तशी. नाकाने मनात एक-दोन म्हणत घे आणि चंबूतून एक-दोन-तीन-चार म्हणत सोड. जोर लावायचा नाही, पोट पिळायचं नाही. दमेकऱ्याच्या किंवा चुलीच्या धुराने खराब झालेल्या छातीत बारीक नळ्या श्वास सोडतानाच मिटतात. मग शिळी हवा आत अडकते आणि नवीला जागा उरत नाही. चंबूमुळे आत थोडा दाब टिकतो, नळ्या जरा जास्त वेळ उघड्या राहतात. ज्यांच्या नळ्या धडधाकट आहेत, त्यांनाही याचा उपयोग होतो. घाबरून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. त्याने बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, चक्कर येते आणि श्वास अजूनच अपुरा वाटतो. सावकाश सोडलं की तो तोल परत येतो. तोंडावर कागदी पिशवी धरायचा जुना उपाय मात्र कोणी सांगितला तरी करू नकोस. खरोखरच प्राणवायू कमी पडत असेल, तर तो जिवावर बेततो.

हे धाप लागल्यावर शिकता येत नाही. बरं वाटत असताना, सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं, उशीला टेकून, एक हात छातीवर आणि एक पोटावर ठेवून बस. पोटावरचा हात हलला पाहिजे, छातीवरचा शक्यतो स्थिर राहिला पाहिजे. भ्रामरी केलीस तरी चालेल, कारण गुणगुणताना श्वास आपसूक लांब सुटतो. अनुलोम-विलोमही कर, पण श्वास कोंडून धरायचा कुंभक नको. आणि धाप लागलेली असताना कपालभाती-भस्त्रिकाच्या वाटेला जाऊ नको, मग शिकवणारा कितीही मोठा असो.

आता तुझ्या फाइलबद्दल. 'सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत' हे ऐकून तू रडलीस, असं तुझी आई म्हणाली. ते वाक्य एवढंच सांगतं की त्या तपासण्या जे शोधत होत्या, ते त्या दिवशी सापडलं नाही. धाप ही मेंदूला होणारी जाणीव आहे. फुप्फुसं, हृदय, रक्त, पायांचे स्नायू, छातीच्या भिंती, सगळीकडून निरोप येतात, तेव्हा ती उमटते. ऑक्सिमीटरवर ९८ दिसत असतानाही ती पुरेपूर खरी असू शकते. 'मनाचे खेळ आहेत' म्हणणाऱ्याशी वाद घालण्यात श्वास घालवू नकोस.

त्यापेक्षा एक वही कर. धाप कधी लागते, कुठे, काय करताना, कशाने थांबते आणि किती वेळाने, एवढंच लिही. आम्हा नर्सेसना वॉर्डात अशा नोंदींतून जे कळायचं, ते कित्येकदा एक्स-रेत दिसायचं नाही. पहाटे तीन-चारला खोकला आणि घरघर घेऊन जाग आली, तर दम्याकडे बोट जातं. सपाट झोपलं की वाढते आणि उठून बसलं की उतरते, तर हृदय नीट पाहायला हवं. सुट्टीत बरं आणि कामावर परतलं की त्रास, तर कामाच्या जागेची हवा तपासायची. जिना चढताना फारसं काही नाही, पण टीव्हीसमोर बसल्या बसल्या सारखे उसासे, अर्धवट जांभया आणि 'श्वास तळापर्यंत पोचतच नाही' असं होत असेल, तर श्वास घेण्याची घडीच बिघडलेली असू शकते. त्यावर छातीचे व्यायाम जाणणाऱ्या फिजिओथेरपिस्टचा चांगला उपयोग होतो. या साऱ्या खुणा आहेत, निदान डॉक्टरांनी करायचं. पण खूण हातात असली की ते योग्य दार ठोठावतात. नुसतं 'दम लागतो' असंही सांगू नकोस. बरोबरीच्या बायकांबरोबर चालताना मागे पडतेस का, शंभरेक मीटरवर थांबावं लागतं का, कपडे बदलतानाही लागतो का, हे सांग. धापेची ० ते ४ अशी पायरी ठरवताना डॉक्टर हेच विचारतात.

दम्याचं एक लक्षात ठेव. बऱ्या दिवशी फुंकायची तपासणी, स्पायरोमेट्री, अगदी नॉर्मल येऊ शकते. म्हणून फुंकेचा जोर मोजणारा पीक फ्लो मीटर घे आणि दोन आठवडे सकाळ-संध्याकाळचे आकडे त्याच वहीत लिही. त्यांतले चढउतार एका दिवसाच्या कागदापेक्षा जास्त बोलतात. आणि दमा निघालाच, तर 'पंपाची सवय लागते' या बोलण्याला भीक घालू नकोस. पंपाचं औषध थेट नळ्यांत जातं, म्हणून थोडंसं पुरतं. पंपाला स्पेसरची नळी लावून घे आणि घ्यायची पद्धत डॉक्टरांसमोर करून दाखव. चुकीच्या पद्धतीने घेतलेलं औषध घशातच राहतं.

साध्या गोष्टी राहून जातात, त्याचं मला फार वाईट वाटतं. महागडे स्कॅन झालेले असतात आणि हिमोग्लोबिन कोणी पाहिलेलं नसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. रक्तच पातळ असेल, तर हृदयाला पळावं लागणार आणि धाप लागणार. तुझी पाळी जास्त जाते, तेव्हा हिमोग्लोबिनबरोबर लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिनही पाहून घे. थायरॉइड बघ. आणि सगळ्या गोळ्यांची पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर ओत, डोळ्यांच्या थेंबांसकट. काचबिंदूसाठी देतात त्या टिमोलॉलच्या थेंबांनीही दमेकऱ्याच्या नळ्या आकसतात. हृदयविकाराच्या झटक्यानंतर मिळणाऱ्या टिकाग्रेलर गोळीनेही काहींना धाप लागते. मनाने मात्र एकही गोळी बंद करायची नाही.

मग घरातली हवा. तुझ्या बाल्कनीत कबुतरं घरटी करतात, ती मला पहिल्यापासून खटकतात. दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ साली मुंबईत केवढं वादळ उठलं, ते तू पाहिलंस. श्रद्धेचा प्रश्न बाजूला ठेव, छातीपुरतं मी सांगते. कबुतरांच्या विष्ठेतले आणि पिसांतले कण श्वासावाटे वर्षानुवर्षं आत गेले, तर काहींच्या फुप्फुसांना सूज येते आणि पुढे ती राठ होतात. सुरुवातीला साधा एक्स-रे नॉर्मल असू शकतो, सीटीवर कळतं. त्याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. भारतातल्या फुप्फुसं राठ होणाऱ्या आजारांच्या १,०८४ रुग्णांची नोंद २०१७ साली प्रसिद्ध झाली, त्यात ४७ टक्के रुग्ण या एकाच आजाराचे होते. आणि त्यांच्या कहाण्यांत नुसती पाखरं नव्हती, कूलरही होते. साचलेल्या पाण्याचा कूलर, पावसाळ्यात भिंतीला आलेली ओल, कपाटामागची बुरशी, हे सगळं डॉक्टरांना आपणहून सांग, कारण दहा मिनिटांच्या भेटीत ते विचारायचं राहतं. बाल्कनीला जाळी लावून घे. वाळलेली घाण झाडायची नाही, पाणी मारून ओली करून काढायची, तीही दुसऱ्या कोणी, नाकातोंडाला चांगला मास्क लावून.

आईलाही विचार, तू लहान असताना गावाकडे स्वयंपाक चुलीवर किती वर्षं होत होता. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये ठासून लिहिलं होतं की सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होणं, हा केवळ विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा आजार नव्हे, लाकूड आणि शेणीच्या धुरानेही तो होतो. तरीही बाईमाणूस धाप घेऊन आली की 'तुम्ही सिगारेट ओढत नाही ना' एवढं विचारून तो कप्पा बंद केला जातो. तू तो उघडायला लाव. डासांची कॉइल आज रात्रीपासून बंद. बंद खोलीत एक कॉइल जळाली की सुमारे शंभर सिगारेटींइतके बारीक कण हवेत मिसळतात. मच्छरदाणी लाव. धूप आणि उदबत्तीऐवजी निरांजन पुरे, देव समजून घेतो. मिरचीची फोडणी देताना खिडकी उघड आणि एक्झॉस्ट आधी सुरू कर, खाट उठल्यावर नव्हे.

ऑक्सिमीटर घरात असू दे, पण दर पाच मिनिटांनी बोट घालत बसू नको. नेलपॉलिश पुसून, हात गरम करून, आकडा स्थिर होईपर्यंत थांबून एकदा बघ आणि ठेवून दे. करोनात घेतलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर कोणी देऊ केला, तर नको म्हण. आजारी असूनही रक्तातला प्राणवायू बरा असलेल्या २३९ रुग्णांवर एक चाचणी झाली होती, २०१० साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांच्या नाकात नळीतून प्राणवायू सोडला, निम्म्यांच्या साधी हवा. दोन्ही गटांना सारखाच आराम पडला. ज्याचा प्राणवायू खरोखर कमी आहे त्याची गोष्ट वेगळी, त्याला तो मिळालाच पाहिजे. त्या यंत्रापेक्षा चार्जिंगवरचा छोटा हातपंखा घे आणि वीतभर अंतरावरून नाक-ओठांवर वारा घे. चेहऱ्याच्या नसांना गार वारा लागला की मेंदूला होणारी धापेची जाणीव शमते. माझ्या पर्समध्ये पैसे नसतील एखाद्या वेळी, पंखा असतो.

कामं सोडायची नाहीत, करायची रीत बदलायची. खांद्याच्या वर हात गेले की दम लवकर लागतो, म्हणून कपडे दोरीवर टाकण्यापेक्षा स्टँडवर टाक, वेणी घालताना कोपरं टेबलावर टेक. स्टुलावर बसून अंघोळ कर, खिडकी उघडी ठेव, वाफ साचू देऊ नको. अंग पुसत उभी राहू नको, सुती गाऊन घालून पाच मिनिटं बस, तोच पाणी टिपतो. परकराची नाडी सैल बांध. बादली उचलताना, खुर्चीतून उठताना, जिन्याची पायरी चढताना, जोर लागतो त्या क्षणी श्वास सोड. जोर लावताना श्वास कोंडून धरायची आपली सवय फार महाग पडते. पोटभर जेवून वर ताक प्यायलीस, तर पोट वर दाबणारच. थोडं थोडं चार वेळा खा. धाप लागली की ओट्यावर कोपरं टेकून पुढे वाक किंवा बसून हात मांड्यांवर टेकव. त्याने श्वासाच्या स्नायूंना आधार मिळतो. रात्री लागली तर कुशीवर, डोक्याखाली उशांची उतरण करून झोप.

आणि चाल. हे मी मुद्दाम ठासून सांगते, कारण धापेच्या भीतीने माणूस बसतो, बसला की पायांचे स्नायू वाळतात आणि वाळलेल्या पायांना थोड्याशा चालण्यालाही जास्त हवा लागते. मग धाप वाढते आणि माणूस आणखी बसतो. हृदय पाहून झालं आहे आणि डॉक्टरांनी चालायला मोकळीक दिली आहे, तेव्हा लागणाऱ्या दमाने इजा होत नाही. बोलता यावं पण गाता येऊ नये, एवढ्या वेगाने चाल. थांबल्यावर काही मिनिटांत श्वास जागेवर आला, म्हणजे वेग बरोबर. वाटेतले टेकायचे कट्टे आधीच हेरून ठेव. पर्वतीच्या १०३ पायऱ्या एका दमात चढायचा हट्ट तुझ्या बाबांना शोभतो, तू दर दहा पायऱ्यांना थांब. कुठे पल्मनरी रिहॅबचा वर्ग चालत असेल, तर नाव घाल. ३० मीटरच्या पट्ट्यावर सहा मिनिटं चालवून ते आरंभी मोजमाप घेतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा घेतात. स्वतःची प्रगती मीटरमध्ये दिसली की मनाला उभारी येते.

घरच्यांना हे वाचायला दे. धाप लागली असताना चौघांनी भोवती गर्दी करायची नाही. 'काय होतंय, काय होतंय' विचारायचं नाही, मानेने हो-नाही सांगता येईल असंच विचारायचं. एकाने शेजारी बसावं, आपला श्वास सावकाश सोडावा, पंखा हातात द्यावा. जावईबापूंना सांग, पाठ चोळण्यापेक्षा खिडकी उघडा. आणि पुढचं त्यांनी पाठच करावं: छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, ओठ निळे पडणं, खोकल्यातून रक्त, एकच पाय सुजून दुखणं, एक वाक्य पुरं न होण्याइतकी धाप, आकडा एकदम ९२ च्या खाली जाणं. यातलं काहीही दिसलं, तर वही, पंखा, चंबू सगळं बाजूला ठेवून १०८ ला फोन करायचा.

कारण सापडलं नाही म्हणून फाइल कायमची माळ्यावर टाकू नकोस. काही आजार वर्ष-सहा महिन्यांनी तोंड दाखवतात, करोनानंतरची धाप काहींची हळूहळू उतरते, काहींची रेंगाळते. सहा महिन्यांनी त्याच डॉक्टरांकडे वहीसकट जा आणि स्पष्ट विचार, 'आता काय वेगळं दिसतंय? फुप्फुसं वायू किती शोषतात ती डीएलसीओ चाचणी करायची का? चालवून हृदय तपासायचं का?' भेटीची तारीख आजच कालनिर्णयवर लिहून ठेव, आणि त्या दिवशी मी सोबत यावं असं वाटत असेल तर आदल्या आठवड्यात फोन कर, म्हणजे मी एसटीचं आरक्षण करीन.