मिश्रीचं तेवढं मनावर घे

अगं, तुला चौथा लागलाय, म्हणून आज स्पष्टच बोलते. दारूचं तुला सांगायला नको. पोटुशी बाई दारू पिईल, हे आपल्या मंगळवेढ्यातल्या घरांना कल्पनेतसुद्धा सोसत नाही. तरी सर्दी-खोकल्यावर कुणी चमचाभर ब्रँडी पुढं केली, तर नको म्हण. दारू वारेतून बाळाच्या रक्तात उतरते, आणि बाळाचा मेंदू नऊही महिने घडत असतो. ‘एवढी चालते’ असं सुरक्षित माप कुणालाच माहीत नाही.

पण माझा जीव अडकलाय तो तुझ्या मिश्रीत. तव्यावर तंबाखू काळी पडेस्तोवर भाजायची, चुरून डबीत भरायची आणि पहाटे चुलीपुढं बसून बोटानं हिरड्यांवर घोळवत राहायची. आईनं लावली, आत्याबाई लावतात, म्हणून ती दात घासण्यात जमा! दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारनं १९९२ सालीच बंदी केली. आपल्या तव्यावर मात्र ती अजून भाजली जातेय.

हिरडीतून निकोटीन रक्तात जातं, रक्तवाहिन्या आकसतात आणि बाळाला रक्त कमी पोचतं. मग बाळ अडीच किलोच्या आत भरतं, दिवस भरायच्या आधी येतं, कधी पोटातच जातं. पोरी, हे मी तुला भेडसवायला सांगत नाही. आज सोडलीस तरी बाळाला वाढायला अजून पाच महिने हातात आहेत.

सोडताना डोकं चढेल, चिडचिड होईल. ‘मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही,’ असं तू म्हणशीलच, सगळ्याच म्हणतात. ती सवय आतड्यांनाही लागलेली असते. उठल्या उठल्या कोमट पाणी पी. मालदांडीची भाकरी घरात आहेच, तिच्याबरोबर पालेभाजी वाढवून घे. आणि ती डबी आधी घराबाहेर काढ.

९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. तिथं डॉक्टरीणबाईंना मिश्रीचं लपवू नकोस, आशाताईलाही सांग. तंबाखू सोडवायला १८००-११२-३५६ हा फुकटचा नंबर आहे, त्यावर बोल. आणि आत्याबाई रुसल्या, तर फोन त्यांच्याकडं दे. त्यांच्याशी मी बोलते.