हाड शाबूत, मग पाऊल का उचलत नाही?

प्रश्न : माझी आई ७६ वर्षांची आहे. चार महिन्यांपूर्वी मोरीत पाय घसरून पडली. एक्स-रेमध्ये हाड शाबूत निघालं, मुका मार आठवडाभरात ओसरला. पण तेव्हापासून ती जिना उतरलेली नाही. रोज देवळात जाणारी बाई आता दूधवाल्याला दार उघडायलाही उठत नाही. हे काय आहे? आम्ही तिला इतकं जपतो, ते चुकतंय का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आईला ‘उगाच घाबरतेस’ असं कुणी म्हणत असेल, तर ते आधी थांबवा. तिच्या धीराला मार बसलाय आणि तो चालण्यात उतरलाय.

माझी आत्या अशीच पडली होती. महिनाभराने तिच्याकडे गेलो, तर खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत भिंतीवर, कमरेच्या वीतभर वर, एक तेलकट पट्टा उमटलेला. हात घासत ती चालायची. दाराशी भिंत संपली की थबकायची आणि चौकट हाताला लागल्यावरच पुढचं पाऊल टाकायची. १९८२ साली बर्मिंगहॅमचे वृद्धरोगतज्ज्ञ बर्नार्ड आयझॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने पडून गेलेल्या वृद्धांमध्ये हेच नोंदवलं होतं : आधाराशिवाय पाऊल टाकायचं म्हटलं, की माणसं हाताला येईल ते घट्ट पकडतात.

भीतीने अंग ताठ होतं, पावलं आखूड पडतात, नजर पायांत राहते. ताठरलेल्या अंगाला तोल सावरणं जड जातं. त्यात चालणं कमी झालं की मांड्यांतलं बळ भराभर उतरतं. पडू नये म्हणून बसून राहिलेली बाई अशा रीतीने पडण्याच्या आणखी जवळ जाते. ‘तू बस, मी आणते’ हे आपण मायेनेच म्हणतो. पण त्या दिवसाचं तिचं उठणं आपणच काढून घेतलेलं असतं.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉ. मेरी टिनेटी यांनी १९९० साली यासाठी एक प्रश्नावली केली. ‘भीती वाटते का?’ असं न विचारता त्यांनी रोजची दहा कामं घेतली : अंघोळ, कपडे बदलणं, खाटेवरून उठणं, दार उघडायला जाणं वगैरे. न पडता हे करता येईल, याची खात्री किती? आईला असंच एकेक काम विचारा. जिथे ती ‘जमेल बहुतेक’ म्हणेल, तिथून सुरुवात करा.

आत्याने मला एकदा हळूच सांगितलं, “पडण्याचं काही नाही रे. दुपारी घरात कुणी नसतं. तशीच पडून राहिले तर?” तेव्हापासून माझं ठाम मत आहे, की पडू नये म्हणून शिकवतो तितकंच पडल्यावर उठायला शिकवलं पाहिजे. सतरंजीवर, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली : कुशीवर वळायचं, हाता-गुडघ्यांवर यायचं, रांगत खाटेपर्यंत जायचं, दोन्ही हात खाटेवर टेकायचे, बळकट पाय पुढे घ्यायचा आणि उठायचं. (गुडघ्यांचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारून.) आपल्याकडे पाटावर बसून जेवणाऱ्या पिढीला हे उठणं दिवसातून दोनदा घडायचं, डायनिंग टेबल आलं आणि तेही गेलं.

बाकीचंही एकदा तपासून घ्या. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरत असेल तर डॉक्टरांना सांगा. झोपेची गोळी चालू आहे का, मोतीबिंदू पिकलाय का, तेही बघून घ्या. मोरीत धरायला दांडा बसवा, सरकणारं पायपुसणं काढून टाका, रात्री बारीक दिवा ठेवा. आणि पायांच्या बळाचे व तोलाचे व्यायाम सुरू करा. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने घरी करायचे असे व्यायाम आखले, तेव्हा पडण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटलं होतं.

बाहेर नेताना तिचा दंड पकडू नका. तुमचा हात पुढे करा आणि तो तिला धरू द्या, म्हणजे कधी सोडायचा ते तीच ठरवेल. पहिल्या दिवशी देऊळ नको. एका हाताने कठडा धरून जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत उतरा, थोडं थांबा आणि परत या.