लोणेरे की माटुंगा : खाडीपट्ट्यातील विद्यार्थ्यांपुढील निवड

महाड तालुक्याच्या खाडीपट्ट्यातील तुडीलसारख्या गावातून बारावी विज्ञान उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्यास अभियांत्रिकीचे शिक्षण घ्यावयाचे झाल्यास पूर्वी मुंबई अथवा पुणे गाठण्यावाचून गत्यंतर नसे. महाडलगतच्या माणगाव तालुक्यात लोणेरे येथे १९८९ च्या अधिनियमान्वये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ स्थापन झाले आणि ही स्थिती पालटली. चवदार तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह ज्या महाडात झाला, त्याच्या शेजारीच हे विद्यापीठ उभे राहिले, हे औचित्यपूर्णच होय.

आता प्रश्न अंतराचा राहिलेला नसून निवडीचा आहे. सामाईक प्रवेश परीक्षेत चांगले गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यापुढे लोणेरे तसेच माटुंग्याच्या संस्था, असे दोन्ही पर्याय असतात. पसंतीक्रम भरताना नावलौकिकापलीकडे फारसा विचार होत नाही. परंतु पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती स्वीकारावी लागते व पुढील फेरीचा मार्ग बंद होतो. यास्तव अर्ज भरण्यापूर्वीच तुलना झाली पाहिजे.

माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा उगम १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून झाला. २००८ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तेथे रासायनिक अभियांत्रिकीबरोबरच रंगद्रव्ये, अन्न, औषधे, बहुवारिके अशा एकेका शाखेचे सखोल शिक्षण मिळते. लोणेरे येथे स्थापत्य, यंत्र, विद्युत, संगणक इत्यादी नेहमीच्या शाखा आहेतच. शिवाय पेट्रोकेमिकल अभियांत्रिकी ही अन्यत्र विरळा आढळणारी शाखा आहे. नागोठणे, थळ व महाडची औद्योगिक वसाहत लक्षात घेता या शाखेचे जिल्ह्याशी असलेले नाते स्पष्ट होते. संशोधनाकडे ओढा असणाऱ्याने माटुंग्याचा विचार प्रथम करावा. कोणती शाखा घ्यावी याविषयी मन निश्चित नसलेल्यास मात्र लोणेरे अधिक सोयीचे ठरते.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. २०१४ च्या नव्या अधिनियमाने लोणेरे विद्यापीठास राज्यभरातील महाविद्यालयांना संलग्नता देण्याचा अधिकार प्राप्त झाला. परिणामी पदवीवर विद्यापीठाचे नाव तेच असले तरी शिक्षण दूरच्या एखाद्या खाजगी महाविद्यालयात झालेले असू शकते. अध्यापक, प्रयोगशाळा, शुल्क, वसतिगृह, सारेच भिन्न. पर्याय भरताना संस्थेचा सांकेतिक क्रमांक तपासून घेणे हाच यावरील उपाय होय. शाळेतील शिक्षकांनी एवढे जरी पाहिले तरी एखाद्या घराची चार वर्षांची कमाई वाचेल.

विद्यार्थिजीवनाचा विचार करता दोन्ही ठिकाणी जमीन-अस्मानाचे अंतर आहे. माटुंग्याचे आवार जेमतेम १६ एकरांचे. तथापि फाटकाबाहेर पडताच कारखाने, ग्रंथालये व व्याख्याने यांनी गजबजलेली महानगरी उभी असते. लोणेऱ्याचा परिसर विस्तीर्ण आणि निवासी स्वरूपाचा. पावसाळ्यात तेथे वसतिगृह, ग्रंथालय आणि वर्ग हेच जग. घरापासून प्रथमच दूर राहणाऱ्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यास इंग्रजी पाठ्यपुस्तकांशी झगडताना हा निवांतपणा उपकारक ठरतो. काहींना तो कंटाळवाणाही वाटतो, हे नाकारण्याचे कारण नाही.

खाडीपट्ट्यातील बहुतेक कुटुंबांचे एखादे नातलग मुंबईकडे असतात. त्यांच्या खोलीवर राहण्याची सोय होईल, या भरवशावर अनेकदा मुंबईचा पर्याय वर लिहिला जातो. नालासोपारा वा मुंब्रा येथून दररोज लोकलने ये-जा करण्यात जाणारा वेळ मात्र हिशेबात धरला जात नाही. वसतिगृहाची हमी नसेल तर हा पर्याय दिसतो तितका स्वस्त नसतो.

मुलींच्या बाबतीत हिशेब आणखी निराळा आहे. वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्यात आली आहे. निवास व भोजन यांचा खर्च त्यात येत नाही. म्हणजे शुल्काचा भार उतरल्यावर खानावळ आणि एस. टी. चे भाडे एवढाच निर्णायक खर्च उरतो, आणि तेथे लोणेरे उजवे ठरते.

दहावीनंतरच तंत्रशिक्षणाकडे वळू इच्छिणाऱ्यांसाठी लोणेऱ्याच्या आवारात पदविकेचीही सोय आहे. तीन वर्षांच्या पदविकेनंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश मिळू शकतो. अकरावी-बारावीच्या मार्गाने जाणाऱ्यासही दहावीनंतर सहाच वर्षे लागतात. मात्र पदविकेच्या वाटेवर तिसऱ्या वर्षाअखेर हाती एक प्रमाणपत्र असते. घरची अडचण उद्भवल्यास तेथून नोकरी धरता येते.