पिकअप क्लचमध्ये असतो

लातुरात गॅरेज चालवणाऱ्याला एक वाक्य सारखं ऐकावं लागतं : "मिस्तरी, गाडीला पिकअप नाही ओ." बोलणारा बहुतेक नीट-जेईईच्या क्लाससाठी आलेला पोरगा असतो आणि गाडी बापानं घेऊन दिलेली. फ्री-फ्लो सायलेन्सर हवा, एअर फिल्टर काढून हवा, आणि रात्री नांदेड रोडवर कुणाशी तरी 'लावायची' असते. मी ड्रॅग रेसच्या पट्टीवर, घड्याळासमोर गाडी पळवलेली आहे, हे कळल्यावर तर ही पोरं हलतच नाहीत.

त्यांना मी आधी हेच सांगतो की हायवेवर ड्रॅग रेसिंग शिकता येत नाही. धोक्याचं नंतर बोलू. रस्त्यावर कुणीतरी हात खाली करतो आणि पेट्रोल पंप आधी ओलांडेल तो जिंकतो. का जिंकला, ते कुणालाच कळत नाही. आधी सुटला? वजनानं हलका होता? की समोरच्याचा गिअर अडकला? घड्याळ नाही, म्हणून चूक सापडत नाही, आणि पुढच्या खेपेला तीच चूक जास्त जोरात होते.

शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत पाहिलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. तिथं जोडी घड्याळावर पळते आणि निकाल सेकंदाच्या तुकड्यांवर लागतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात अटींवर पुन्हा परवानगी मिळाली. आता बैल पळवायलाही प्रशासनाची मंजुरी लागते. आमच्या पोरांना मात्र कुणालाच विचारायचं नसतं!

खऱ्या पट्टीवर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर धावतात. स्पर्धेनुसार अंतर कमीही असतं. सुरुवातीला दिव्यांचा खांब असतो. पुढचं चाक हळूहळू सरकवत रेषेवर आणायचं, मग पिवळे दिवे, मग हिरवा. लवकर सुटलात तर लाल, म्हणजे बाद. दिवा लागल्यापासून गाडी हलेपर्यंतचा वेळ वेगळा मोजतात आणि धावेचा वेळ वेगळा. धावेचं घड्याळ चाक रेषेवरून निघाल्यावरच सुरू होतं. म्हणून नवख्यानं सरावाच्या दिवशी दिव्याशी झटू नये. हिरवा लागू द्यावा, मग निवांत सुटावं. आधी स्वतःची धाव ओळखावी, प्रतिक्रिया मागाहून सुधारते.

धाव बिघडते ती पहिल्या वीसेक मीटरमध्ये. क्लच एकदम सोडला तर पुढचं चाक उचलतं किंवा मागचं जागेवर फिरतं; जास्त धरला तर प्लेटा जळतात. एक्सिलेटर एका जागी स्थिर धरायचा, क्लच पकडतो तिथवर आणून अलगद सोडत जायचं, छाती टाकीवर. हा सराव जिनिंगच्या बंद आवारात, मालकाची परवानगी घेऊन, हेल्मेट-ग्लोव्हज घालून होतो. फक्त पहिला गिअर, लगेच ब्रेक, पुन्हा मागे. जळका वास आला की थांबायचं आणि गाडी थंड झाल्यावर क्लचच्या केबलचा ढिलेपणा पुन्हा तपासायचा. सायलेन्सरच्या पैशात क्लच प्लेटा, चांगली चेन आणि नवा मागचा टायर येतो. आणि फिल्टर काढू नका. इंजेक्शनच्या गाडीत ट्यूनिंग न करता हवा वाढवली की इंजिन तापतं, शिवाय आपल्याकडची धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते.

आता धोक्याचं. शंभरच्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. ऊस हंगामात नांदेड रोडवर मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या असतात. सोयाबीनच्या दिवसांत अर्ध्या रस्त्यावर वाळवण पसरलेलं असतं. चाकूरच्या अलीकडे माझ्या गिऱ्हाइकाचा एक पोरगा अशाच ट्रॉलीवर गेला. पायात रॉड आहे, चालतो. विम्यातून गाडीचे पैसे मिळाले नाहीत, कारण शर्यत आणि वेगचाचणी पॉलिसीत बसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली रस्त्यावरच्या शर्यतीला पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोरगा अठराच्या आतला असेल तर बापावर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजारांचा दंड येऊ शकतो. हे ऐकल्यावर बरेच बाप गॅरेजवर मला भेटायला येतात.

मराठवाड्यात ड्रॅगची पट्टी नाही. लोणावळ्यापुढच्या आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' ही ड्रॅगची स्पर्धा झालेली आहे. राष्ट्रीय स्पर्धा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर होते. तिला एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट महासंघाचं लायसन्स लागतं. बंगळूरच्या हेमंत मुद्दप्पानं सुझुकीच्या हायाबुसा या मोठ्या बाइकवर तिथं विजेतेपदं मिळवली, पण तुम्हाला हायाबुसा लागत नाही. १६५ सीसीपर्यंतच्या फोर-स्ट्रोक गाड्यांचा स्वतंत्र गट असतो, टू-स्ट्रोकचेही गट असतात. यामाहाची जुनी आरएक्स घेऊन आलेले तिथं भरपूर दिसतात.

पहिल्या खेपेला गाडी नेऊच नका. कुणाच्या तरी पिटमध्ये पाना द्यायला उभे राहा, तपासणीत कुणाची गाडी कशासाठी बाहेर काढतात ते बघा : ऑइलची गळती, ढिली चेन, नीट न बसणारं हेल्मेट. पुढच्या वेळी रेल्वेनं पार्सल करायची असेल तर टाकी पूर्ण रिकामी लागते आणि आरसी बुकाची झेरॉक्स लागते. सोबत हवेचं मीटर घ्या, क्लच प्लेटांचा जादा सेट घ्या, आणि क्लचची केबल. ती तिथं कुणीही उसनी देत नाही.