जोंधळ्याच्या ताटाला बळ कोठून येते?



कोप्पीकर रोडवर बाजाराला जाताना आपण एक गोष्ट नेहमी पाहतो. दुकाने रांगेने उभी असतात, पण सर्वांची दारे एकाच वेळी उघडत नाहीत. कोणते सकाळी लवकर उघडते, कोणते दुपारी बंद होते. सणाच्या आठवड्यात मात्र कापडाची दुकाने रात्रीपर्यंत चालतात. आपल्या शेतातील जोंधळ्याच्या ताटातही अशीच व्यवस्था आहे. ती आज समजून घेऊ.

ताट असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले असते. प्रत्येक पेशीभोवती भिंत असते. या भिंतीचा मुख्य माल म्हणजे सेल्युलोजचे धागे. ताट पक्व होऊ लागले की लिग्निन भरून भिंत टणक होते. याशिवाय भिंतीत थोडी प्रथिनेही असतात. थोडी असली, तरी त्यांचे काम मोठे आहे. १९६० साली लॅम्पोर्ट व नॉर्थकोट या शास्त्रज्ञांनी भिंतीतील प्रथिनात हायड्रॉक्सिप्रोलीन हा घटक दाखविला. पुढे त्या प्रथिनाला ‘एक्स्टेन्सिन’ हे नाव मिळाले. ते भिंतीची वीण घट्ट करते. १९९२ साली अमेरिकेत कॉसग्रोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांना उलट कामाचे ‘एक्स्पान्सिन’ सापडले. ते वीण सैल करते, म्हणून पेशीला वाढता येते.

ही प्रथिने बनविण्याची आज्ञा जनुकात असते. मुळापासून कणसापर्यंत प्रत्येक पेशीत तीच जनुके असतात, पण उघडतात ती जागा व वेळ पाहून. बार्सिलोना येथे १९९० च्या सुमारास मक्यावर अभ्यास झाला. भिंतीतील अशा एका प्रथिनाचे जनुक कोवळ्या, वाढत्या भागात आणि रसवाहिन्या घडताना जोरात चालते. भाग जून झाला की मंदावते. जखम झाली की पुन्हा जागे होते, असे दिसून आले. पाणी कमी पडले की मक्याच्या मुळाच्या टोकाशी एक्स्पान्सिनचे काम वाढते. म्हणूनच वर पाला खुंटला तरी मूळ ओल शोधत खाली जात राहते.

ही दारे आपल्या हाताने उघडत नाहीत. पण झाडाला घाई न करणे आपल्या हाती आहे. युरियाचा हात सैल सोडला तर ताट उंच आणि लुसलुशीत होते व वाऱ्याने लोळते. दाट पेरणी केली आणि दाणे भरताना ओल तुटली, तर रब्बी शाळूवर खडखड्या येतो व ताट बुडाशी मोडते. मग घरची भाकरी आणि जनावरांचा कडबा दोन्ही जातात. म्हणून वेळेवर विरळणी करावी. कोळपणी करून भेगा बुजवाव्यात, म्हणजे काळ्या जमिनीतील ओल टिकते. खत माती तपासूनच द्यावे. बियाण्यासंबंधी धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला घ्यावा.

आता आरोग्याचे. झाडाच्या भिंतीतील हायड्रॉक्सिप्रोलीन आपल्या कातडीत, हाडात व हिरड्यांतही आहे. तेथील कोलॅजेन या प्रथिनाला त्यानेच बळकटी येते. हा घटक शरीरात तयार होण्यास क जीवनसत्त्व लागते. ते फार कमी पडले तर हिरड्यांतून रक्त येते व जखमा लवकर भरत नाहीत. जोंधळ्याच्या भाकरीत हे जीवनसत्त्व नसते, आणि फार वेळ शिजविल्याने भाजीतलेही कमी होते. तेव्हा भाकरीबरोबर लिंबाची फोड, कच्ची कोशिंबीर, पेरू किंवा आवळा रोज असावा. मुलांच्या व म्हाताऱ्या माणसांच्या ताटात तर विसरू नये. हिरड्यांतून वरचेवर रक्त येत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

शेतातील ताट आणि आपले शरीर, दोन्हींची भिंत अशी आतून, हळूहळू बांधली जाते. बांधणारा देव आहे; राखण आपण करायची आहे.