मेमरी फुल्ल झाली, म्हणजे नेमके काय भरले?

गेल्या नाताळ अंकाची जुळणी चालू होती तेव्हाची गोष्ट. मंडळाच्या कॉम्प्युटरवर अठरा पाने लावून झाली होती. एकोणिसाव्या पानावर फोटो टाकला की स्क्रीन जागच्या जागी थांबायची. कोणीतरी म्हणाले, "मेमरी फुल्ल झालीय, जुनं काढून टाक." मी मराठी भाषा दिनाच्या तीन वर्षांच्या फोटोंचे फोल्डर काढून टाकले, वर रिसायकल बिनही रिकामी केली. पुन्हा फोटो टाकला. स्क्रीन पुन्हा थांबली.

काही फोटो सभासदांच्या फोनवर सापडले, तेही पाठवापाठवीत बारीक झालेले. बाकीचे गेले ते गेलेच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, ते काढायची गरजच नव्हती. म्हणून हा लेख.

चूक एका शब्दाने झाली. 'मेमरी' हा शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. ग्रंथालय डोळ्यांसमोर आणा. कपाटांत हजारो पुस्तके असतात, पण वाचायला आपण टेबलावर घेतो ती चार-पाच. हार्ड डिस्क किंवा एसएसडी म्हणजे कपाट आणि रॅम म्हणजे टेबल. टेबल लहान पडत असेल तर कपाटातली पुस्तके रद्दीत देऊन काय उपयोग? मी नेमके तेच केले होते.

रॅममध्ये प्रत्येक बिट एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमधल्या विद्युतभाराच्या रूपात असतो. ही रचना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची; तिचे अमेरिकी पेटंट १९६८चे. हा भार सतत गळतो, त्यामुळे साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी तो पुन्हा भरावा लागतो. म्हणूनच लाईट गेली की सेव्ह न केलेला मजकूर जातो.

टेबल भरले की विंडोज काही माहिती तात्पुरती डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. डिस्क रॅमपेक्षा कितीतरी मंद असते, हार्ड डिस्क तर फारच. म्हणून सगळे अडखळते.

मग आमचे टेबल भरले कशाने? आपल्या लेखांनी तर नक्कीच नाही. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात. 'मी' म्हणजे म आणि दीर्घ वेलांटी, म्हणजे सहा बाइट. चार हजार चिन्हांचा लेख धरला तर झाले बारा हजार बाइट. चार जीबीत असे साडेतीन लाख लेख मावतील! पण ४००० गुणिले ३००० ठिपक्यांचा एक फोटो उघडला, की प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट धरून ३६ एमबी जागा जाते, डिस्कवर त्याची फाइल तीन-चार एमबीचीच असली तरी. शिवाय विंडोज आणि ब्राउझरच्या वीस टॅब होत्याच.

त्यामुळे पैसे खर्च करण्याआधी तपासा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरी. नेहमीचे जड काम चालू ठेवूनच बघा. आकडा नव्वद टक्क्यांच्या आसपास अडकला असेल आणि डिस्कही सारखी धावत असेल, तर रॅम कमी पडतेय. आधी नको असलेल्या टॅब बंद करून बघा, त्याला पैसे पडत नाहीत. रॅम अर्धी रिकामी असूनही मशीन रखडत असेल तर कारण दुसरे आहे. जुनी हार्ड डिस्क असेल तर एसएसडीचा फायदा जास्त होईल.

आमच्याकडे चार जीबीची एकच पट्टी होती आणि आकडा ९४ टक्के. त्याच खिडकीत किती स्लॉट भरलेत तेही दिसते. आमच्या दोनपैकी एक रिकामा होता. इथे घाई करू नका. डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ या पट्ट्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. प्रत्येकीची खाच वेगळ्या जागी असते. लॅपटॉपची पट्टी आखूड असते आणि काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डलाच जोडलेली असते, ती बदलता येत नाही. विंडोज ३२ बिटची असेल तर चार जीबीच्या वर रॅम घालून फायदा नाही. दोन पट्ट्या वेगवेगळ्या वेगाच्या असल्या तर दोन्ही मंद पट्टीच्या वेगाने चालतात. म्हणून दुकानात जाताना जुनी पट्टी किंवा तिच्यावरच्या चिठ्ठीचा फोटो सोबत न्या.

बसवणे मात्र सोपे आहे. कॉम्प्युटर बंद करा, वायर काढा, मग पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरा. अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. पट्टी कडांना धरा, खाच जुळवा आणि दोन्ही टोके 'खट्' आवाज येईपर्यंत दाबा. माझे एक टोक नीट बसले नव्हते. चालू केल्यावर नुसते बीप बीप, स्क्रीन काळी! घाम फुटला. पुन्हा बंद केले, वायर काढली, पट्टी नीट दाबली. टास्क मॅनेजरमध्ये आठ जीबी दिसले तेव्हा जीव भांड्यात पडला.

एकोणिसावे पान लागले आणि अंक नाताळच्या आधी निघाला. त्यात मराठी भाषा दिनाचा जुना फोटो टाकायचे ठरले होते, ती चौकट मात्र मजकुराने भरावी लागली. आता मंडळाचे फोटो दोन ठिकाणी ठेवतो. आणि कोणी म्हणाले की मेमरी फुल्ल झाली, तर काही डिलीट करण्याआधी मी विचारते, "कुठली?"